कळांची वाट बघायची की तारीख घ्यायची

माझ्या धाकट्या जावेला आमच्या गल्लीत सगळे टाचणी म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओ देते. लग्न होऊन आली तेव्हा अंगानं काडी होती, आणि कामाला बसली की ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या. त्या तोंडात असतानाही ती बोलते, हे विशेष. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की हिचे प्रश्न सुरू. बसून काम करता की उभ्यानं? हात खांद्याच्या वर जातो का? जेवल्यावर कमरेत घट्ट होतं का? बँकेतल्या एक बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अगं, एवढं तर माझ्या नवऱ्यानं लग्नाआधी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच विचारते," टाचणी म्हणाली. "तुम्हाला नंतर उसवायला नको."

आमचं घर म्हणजे पुढं कारखाना आणि मागं संसार. पुढच्या खोलीत तीन मशिनी आणि मधोमध कापायचं टेबल, चांगलं दारापेक्षा मोठं. कापायचं काम भावोजींचं, म्हणजे टाचणीच्या नवऱ्याचं. त्यांच्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही. टाचणी शिवते. मी सरळ शिवणी मारते आणि इस्त्री सांभाळते. सासूबाई खिडकीशी बसून काजं-बटणं करतात आणि रस्त्यावरून कोण गेलं ते आम्हाला सांगतात. आमचे हे ऑर्डरी आणतात आणि गठ्ठे पोचवतात. शाळेचे गणवेश, हॉस्पिटलचे कोट, असलंच काम. भपका नाही, पण वर्षभर हात रिकामे राहत नाहीत, देवाची दया.

टाचणीचं पहिलं बाळंतपण झालं त्याला चार वर्षं झाली. आठवा महिना संपायचा होता. शर्टाला बाही लावता लावता कळा आल्या. आधी तिला वाटलं, बसून बसून पाठ धरली. बाही पुरी करून उठली तेव्हा उभं राहवेना. जवळच्याच एका लहान हॉस्पिटलात नेलं. बाळ पायाळू होतं आणि थांबायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी भावोजींची सही घेतली, तिला पूर्ण भूल दिली आणि सिझर केलं. ती जागी झाली तेव्हा पोट रिकामं होतं आणि बाळ वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. दीड किलोची पोर. आम्ही तिला ठिपका म्हणायला लागलो ते तेव्हापासून.

टाचणीनं ठिपक्याला पाहिलं ते तिसऱ्या दिवशी. तोवर भावोजींनी पाहिलं होतं, सासूबाईंनी पाहिलं होतं, मी पाहिलं होतं. "अहो ताई, जिना पुसणाऱ्या बाई मला सांगत होत्या माझी पोर कशी दिसते ते," असं ती पुढे हसत हसत सांगायची. हसायची खरी, पण हे सांगताना तिच्या मशिनीचा वेग वाढायचा.

म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिले, तसं तिनं आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. "ह्या वेळी बाळ सगळ्यांत आधी मी बघणार. जागी राहून. मग दुसऱ्या कुणीही बघा."

"म्हणजे?" भावोजी म्हणाले.

"म्हणजे नॉर्मल. कापाकापी नको."

आमच्या घरात कापाकापीच्या विरुद्ध कुणी बोललेलं ते पहिलंच.

सातव्या महिन्यात मी तिच्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात गेले. शाळा सुरू व्हायच्या होत्या, भावोजी कापडाच्या ढिगात बुडाले होते. डॉक्टरीणबाई साठीच्या आतबाहेर, चष्मा साखळीला अडकवलेला, बोलणं सावकाश. टाचणी खुर्चीत बसायच्या आत म्हणाली, "एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच, असंच असतं का?"

"असंच असतं असं नाही," बाई म्हणाल्या. "पुष्कळ जणींना कळांची वाट बघता येते. शंभर जणींनी प्रयत्न केला तर सत्तर-पंच्याहत्तर जणींचं नीट होतं. त्या लवकर उठतात, लवकर घरी जातात."

"आणि उरलेल्या?"

"त्यांचं शेवटी सिझरच करावं लागतं. आणि तासन् तास कळा देऊन मग केलेलं सिझर हे ठरवून केलेल्यापेक्षा जड जातं."

"बरं. आणि सगळ्यांत वाईट काय?"

मी टाचणीच्या हातावर हात ठेवला. असलं तोंडानं विचारू नये असं मला वाटतं. पण बाईंना ते आवडलेलं दिसलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पिशवीवर जुनी शिवण आहे. कळांच्या जोरानं ती उसवू शकते. दोनशे-अडीचशे जणींत एखादीची उसवते. पण उसवली तर बाळाला आणि आईला, दोघांना धोका. म्हणून हे घरी करायचं काम नाही, आणि जिथे अर्ध्या तासात ऑपरेशन होऊ शकत नाही अशा ठिकाणीही नाही."

"आणि सरळ तारीख घेतली तर?"

"तर हा धोका जवळजवळ नाही. पण ते ऑपरेशनच. रक्त जातं, टाके दुखतात, दीड-दोन महिने जड उचलायचं नाही. आणि तिसरं मूल हवं असेल तर दर सिझरगणिक पुढचं अवघड होतं."

"तिसरं नको," टाचणी म्हणाली. "मशिनीवर दोनच पाय आहेत माझे, पोरंही दोनच बस झाली."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "पण हे सगळं कधी, तर आतला काप खाली आणि आडवा असेल तर. तुमचा बाहेरचा व्रण आडवाच आहे. पण त्यावरून आतलं कळत नाही."

"हो," टाचणी लगेच म्हणाली. "वरून कोट एकसंध दिसतो, अस्तर कसं जोडलंय ते आत बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

"अगदी तसंच. तुमचं बाळ दिवसांआधी आलेलं आणि पायाळू. अशा वेळी कधी कधी आतून उभं कापावं लागतं. तसं असेल तर मी कळांची वाट बघू देणार नाही. त्या ऑपरेशनचा कागद आणा, मग बोलू."

परत येताना टाचणी खुशीत होती. कागद आणायचा, दाखवायचा, झालं. तिला एक शंका म्हणून नव्हती की काप आडवाच असणार. तिच्या हातचं कुठलंही काम वाकडं गेलेलं तिला माहीत नव्हतं ना, डॉक्टरांचंही ती तसंच धरून चालली.

त्या संध्याकाळी तिनं कापायच्या टेबलावर खडूनं मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं 'कळा', दुसऱ्या बाजूला 'तारीख'. खाली एकेक मुद्दा. भावोजी चहा पिऊन थान उचलून आले तर टेबल भरलेलं.

"मी कापू कुठं?" ते म्हणाले.

"माझं ठरलं की पुसते."

"शंभर पँटी कापायच्यात आज."

"मला एकच पोट आहे."

सासूबाईंना वाचायला चष्मा लागतो, पण हे त्यांनी बिनचष्म्यानं वाचलं. "ह्यात लिहायचं काय एवढं? मी तीन पोरं काढली. दोन घरी, एक दवाखान्याच्या दारात. तेव्हा कुणी टेबलावर लिहीत नव्हतं."

"तुमचं एकदाही कापलं नव्हतं ना आई," टाचणी म्हणाली.

"नव्हतं. पण चौथ्या वेळी तुझ्या सासऱ्यांना कापायला निघाले होते मी."

भावोजी 'तारीख'च्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, ठरलेलं काम बरं, सकाळी जा, दुपारी मोकळे. आमचे हे म्हणाले, तिला वाटेल ते करू दे. मग जेवायला बसेपर्यंत त्यांनी तीनदा मत बदललं. माझं मत मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते नव्हतंही. रात्री निजायच्या आधी मी देवापुढं उभी राहते. त्या दिवशी मागितलं काही नाही. एवढंच सांगितलं की बघ बाबा, आमच्यात हे असं चाललंय.

दुसऱ्या दिवशी कागदाचा शोध सुरू झाला.

ते जुनं हॉस्पिटल बंद पडून दोन वर्षं झाली होती. त्या इमारतीत आता सोफे विकतात. म्हातारे डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले, त्यांचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. म्हणजे कागद मिळाला तर घरातच मिळणार. कपाट उपसलं. ठिपक्याची लशींची वही मिळाली, जन्माचा दाखला मिळाला, तिच्या पायात घातलेली इवलीशी पट्टी मिळाली. ऑपरेशनचं काही नाही. सासूबाईंची ट्रंक उपसली. त्यात माझी हरवलेली शाल निघाली, त्यावरून अर्धा दिवस अबोला. मग सगळ्यांचा संशय माझ्यावर, कारण आवराआवर करते ती मी.

"ताई, आठवा ना, तुम्ही रद्दीत तर नाही दिली?"

"मी देवाचं नाव असलेला कागद आणि डॉक्टरचा कागद आयुष्यात रद्दीत दिलेला नाही," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. चार आठवडे हेच. काम करताना, जेवताना, एखादी उठायची आणि कुठला तरी कोनाडा चाचपून यायची.

पुढच्या तपासणीची तारीख आली तसे पुन्हा हॉस्पिटलात गेलो. ह्या वेळी भावोजीही बरोबर होते, गणवेशांची घाई सरली होती. टाचणीनं सांगून टाकलं की कागद मिळत नाही.

बाईंनी पेन कपाळाला लावलं. "त्या डॉक्टरांचे पेशंट माझ्याकडे येतात अधूनमधून. त्यांचा साधा कागद नसायचाच. पिवळं कार्ड असायचं, चांगलं जाड. चुरगळत नाही, दुमडत नाही. नीट आठवून बघा."

भावोजी उभे राहिले. एकदम. खुर्ची मागं सरकून भिंतीला लागली.

"काय झालं?" टाचणीनं विचारलं.

"वहिनी, घरी चला," ते माझ्याकडे बघून म्हणाले. बायकोकडे बघायची हिंमत झाली नाही.

 वाटभर त्यांचे कान लाल होते. घरी आल्यावर चपला न काढता सरळ भिंतीकडे गेले. आमच्या भिंतीवर खिळ्यांना साचे टांगलेले असतात. कॉलरचा, बाहीचा, कफचा, पुठ्ठ्याचे कापलेले आकार, ज्यांवरून कापडावर खडू फिरवायचा. चांगला पुठ्ठा मिळणं कठीण, म्हणून भावोजी कुठलाही जाड कागद सोडत नाहीत. औषधांचे खोके, कॅलेंडरच्या पाठी, लग्नाच्या पत्रिका. दोन पुठ्ठे एकमेकांना खळीनं चिकटवले की साचा वर्षानुवर्षं टिकतो.

त्यांनी खिळ्यावरून शाळेच्या शर्टाच्या खिशाचा साचा काढला आणि टेबलावर ठेवला. मग खांद्यावरच्या पट्टीचा काढून शेजारी ठेवला.

"त्या वर्षी शाळेनं खिसा बदलला होता," ते म्हणाले. "मला मजबूत पुठ्ठा हवा होता. फाइलीत ते कार्ड होतं. पिवळं, दुमडत नव्हतं. मला वाटलं, दवाखान्यातून घरी आलो, आता ह्याचं काम काय..."

 सासूबाईंनी हातातलं बटण खाली ठेवलं.

"म्हणजे चार वर्षं," टाचणी सावकाश म्हणाली, "त्या शाळेतली सगळी पोरं माझं ऑपरेशन छातीवर घेऊन फिरतायत."

आधी आमचे हे हसले. मग मी. सासूबाई पदर तोंडाला लावून खो खो हसल्या. भावोजींना हसावं की नाही ते कळेना, ते तसेच उभे. टाचणीही हसली, पण तिचे हात इस्त्रीकडे गेले होते.

पुठ्ठे सोडवायचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. पाण्याची इस्त्री तापवली, साच्यावर वाफ सोडली, कडेनं ब्लेडचं पातं घातलं, आणि एकेक सुतानं वरचं कॅलेंडर सोलून काढलं. जुन्या शिवणी उसवायला तिच्यासारखा हात नाही. कापडाला कळतसुद्धा नाही. तासाभरानं आतलं पिवळं दिसायला लागलं. निळ्या शाईचं इंग्रजी. वर तिचं नाव, त्याचं शेवटचं अक्षर खिशाच्या गोलाईत गेलेलं. भावोजींनी पट्टी आणि खिसा एकमेकांशेजारी सरकवले. मधलं बोटभर गेलंच होतं.

इंग्रजी आमच्यात कुणालाच धड येत नाही. पण खाली एक चित्र होतं. डॉक्टरांनी हातानं काढलेलं, उलट्या टांगलेल्या पिशवीसारखं. त्यावर खालच्या बाजूला एक आडवी रेघ.

"आडवा आहे!" मी म्हणाले. "बघ, आडवाच आहे. सुटलो!"

 टाचणीनं चित्र खिडकीकडे धरलं. मग खांद्याच्या पट्टीवरचा तुकडा जुळवला. आडव्या रेघेच्या मधोमध आणखी एक रेघ होती, वर जाणारी.

"ताई," ती म्हणाली, "हा आडवा काप. आणि ही मधून वर दिलेली चीर. म्हणजे आधी आडवं कापलं, ते पुरलं नाही, मग वर फाडलं."

"बरं मग? शिवलं ना परत."

"शिवलं. पण जिथे दोन काप भेटतात तो कोपरा बघा." तिनं बोट ठेवलं. "आपण गळ्याला चीर देतो तेव्हा टोकाला आतून पट्टी का लावतो? कापड ताणलं की आधी तिथंच जातं. कितीही बारीक टीप मारा. इथं आतून पट्टी लावलेली नाही कुणी." तिनं कार्ड खाली ठेवलं. "हे ताणाला टिकायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिला हे सांगायला किती वेळ घेतला असता कोण जाणे. तिला त्या एका रेघेनं सांगितलं. ती मशिनीवर जाऊन बसली आणि कोटाची बाजू शिवायला घेतली. दोन कोट झाले, तीन झाले. भावोजी टेबलाशी नुसते उभे होते, कात्री हातात.

चौथा कोट घेतला तेव्हा ती मशीनकडे बघतच म्हणाली, "तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेल ना तेव्हा? एवढं मोठं कापलं तर सांगणारच."

भावोजींनी कात्री ठेवली. "सांगत होते काहीतरी. मला वर बोलावलं होतं, ठिपक्यापाशी. म्हणाले, पाय आले, अंग आलं आणि डोकं अडकलं. वर कापलं नसतं तर पोर हाती लागली नसती. पुढंही बोलत होते. पुढच्या वेळचं काहीतरी. मी काचेतून तिच्याकडे बघत होतो. नाकात नळी होती तिच्या. एवढी बारीक नळी मी कधी पाहिली नव्हती. मला पुढचं ऐकूच आलं नाही."

"आणि मला चार वर्षं सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"मी!" टाचणीनं मशीन थांबवली. "मी विचारलं नाही? मी?"

"तेवढं एकच नाही विचारलंस," भावोजी म्हणाले. आणि ते खरं होतं. आम्हालाही तेव्हाच लक्षात आलं. गिऱ्हाइकाच्या जेवणापर्यंत चौकशी करणारी ही बाई, तिनं त्या दिवशी काय झालं ते कधी कुणाला विचारलं नव्हतं.

टाचणीनं मशिनीतला कोट काढून मांडीवर घेतला. मग ती हळू म्हणाली, "मला वाटायचं, मला कळा देता आल्या नाहीत म्हणून कापलं. काम नीट जमलं नाही की आपण कापून टाकतो ना, तसं."

"तुझा काय संबंध?" भावोजी जवळजवळ ओरडलेच. "तू तर बाही पुरी करून उठलीस!"

सासूबाई खिडकीशी बसूनच म्हणाल्या, "आणि ती बाही उलटी लावलीस. मी काढून परत लावली. तेव्हा बोलले नाही, बाळंतीण होतीस म्हणून." टाचणी इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. हसता हसता डोळे पुसत होती. मी आत जाऊन चहा ठेवला, दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे घेऊन गेलो. बाईंनी चष्मा लावला, तुकडे टेबलावर जुळवले, गोल कोपऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "हा खिसा आहे का?" भावोजी जमिनीकडे बघत हो म्हणाले. बाईंनी सगळं दोनदा वाचलं. टाचणीनं सांगितलं तेच निघालं. अशा कापावर कळा येऊ देणं म्हणजे धोका कितीतरी पटीनं जास्त. बाई म्हणाल्या, "कागद मिळाला नसता तरी मी बहुतेक नकोच म्हटलं असतं. पण आता बहुतेक नाही, नक्की. सदतिसावा आठवडा लागला की करून टाकू, कळा सुरू व्हायच्या आत. मधे पोटात जरा जरी दुखलं तरी बाही सोडायची आणि इथं यायचं."

बाहीचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मीच सांगितलं असेन.

"तुमच्या मनात नॉर्मलच होतं, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"माझ्या मनात नॉर्मल नव्हतं," टाचणी म्हणाली. तिनं हे थांबून, स्वतःशी पडताळून म्हटल्यासारखं म्हटलं. "माझ्या मनात, बाळ आधी मी बघायचं, एवढंच होतं. ते नॉर्मल झालं तरच होतं असं मला वाटत होतं."

"कुणी सांगितलं? ह्या वेळी पूर्ण भूल नाही. कमरेत सुई, कमरेखाली बधिर. तुम्ही जाग्या असाल. बाळ रडलं की आधी तुम्हाला दाखवू, ठीक असेल तर छातीवर देऊ."

"आधी म्हणजे किती आधी? पुसायच्या आधी की नंतर? वजनाच्या आधी की नंतर?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मग त्यांनी सगळं सांगितलं. कोण कुठं उभं असतं, पडदा कुठं असतो, किती वेळ लागतो, थरथर का सुटते, कुठलं ओढल्यासारखं वाटतं पण दुखत नाही. टाचणीनं तीन पानं लिहून घेतली. शेवटी विचारलं, "आणि माझ्या सहीशिवाय काही होणार नाही ना?"

"तुम्ही शुद्धीवर असताना तुम्हाला विचारल्याशिवाय काहीच होणार नाही."

घरी आल्यावर तिनं ओल्या फडक्यानं टेबल पुसलं. भावोजींनी थान अंथरलं.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही सगळे होतो. ठिपका आमच्या ह्यांच्या खांद्यावर, शेजारी कुणाकडेच राहायला तयार नव्हती. टाचणी चालत आत गेली. दाराशी वळून म्हणाली, "आई, त्या बँकेतल्या बाईंचा ब्लाउज आज द्यायचा होता. सांगा, उद्या." आणि गेली.

आतलं तिनं मला नंतर सांगितलं. तिला झोपवलं, पडदा लावला. सगळं तयार झाल्यावर डॉक्टरीणबाई तिच्या डोक्याशी आल्या आणि म्हणाल्या, "सुरू करू का?" ती म्हणाली, "थांबा जरा." तिथं सगळे थांबले. हातमोजे घातलेले हात वर धरून सहा माणसं उभी. तिनं डोळे मिटले. काय म्हटलं देवाला ते मला सांगितलं नाही, आणि असलं मी विचारत नाही. मग डोळे उघडून म्हणाली, "करा."

आम्ही बाहेर बाकावर. वीस मिनिटं, पंचवीस. मी मनात नाव घेत होते. मग आतून रडण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत, ठिपक्यासारखा मांजरीचा नव्हे. सासूबाई उठल्या. भावोजींनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

नर्स बाहेर आली. "दोघंही ठीक आहेत. बाळ अडीच किलोच्या वर आहे."

"काय झालं? मुलगा की मुलगी?" सासूबाईंनी विचारलं.

"ते सांगायला मनाई आहे."

"मनाई? कुणाची मनाई?"

"पेशंटची. त्यांनी सांगितलंय, 'मी बघितलंय, आता मीच सांगणार.' बाळ त्यांच्या छातीवर आहे. टाके घालायचं चाललंय, तासभर लागेल."

"अहो, मी आजी आहे!"

"मला वाटलंच," नर्स म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तो तास सासूबाईंनी येरझाऱ्या घालून काढला. "एक तास! तीन पोरं झाली मला, तासभर कुणी आम्हाला टांगून ठेवलं नाही. काय पण पोरगी आहे." भावोजी मात्र बाकावर निवांत बसले होते. मी म्हटलं, "भावोजी, तुम्हाला नाही उत्सुकता?" ते म्हणाले, "वहिनी, मागच्या वेळी मीच सगळ्यांत आधी बघितलं. काही मजा नव्हती त्यात."

शेवटी दार उघडलं. टाचणीला चाकांच्या खाटेवरून बाहेर आणलं. चेहरा पांढरा, ओठ सुकलेले, आणि डोळ्यांत असं काही की मी तिला इतक्या वर्षांत तशी पाहिली नव्हती. कुशीत गाठोडं. भावोजी वाकले. तिनं त्यांना बघू दिलं, पण गाठोडं सोडलं नाही.

"मुलगी," ती म्हणाली. "उजव्या कानामागं तीळ आहे. पायाची बोटं लांब आहेत, तुमच्यावर गेली. रडायच्या आधी एकदा शिंकली. विचारा अजून काय विचारायचंय ते."

 ठिपक्यानं खांद्यावरून विचारलं, "ती बोलते का?" आणि सासूबाईंनी दोन्ही हात पुढं केले.

"आई," टाचणी म्हणाली, "आधी हात धुऊन या."

सासूबाईंनी जन्मात कुणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही. त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा गाठोड्याकडे, आणि मुकाट्यानं नळाकडे गेल्या.